पडला म्हणून स्वस्त?

गावातल्या तरुण मुलांच्या मोबाइलवर हल्ली कापूस-तुरीच्या भावांसोबत शेअरचे भावही दिसतात, आणि बाजार घसरला की हिंगणघाटच्या एसटीत कुणीतरी हमखास विचारते, "काकाजी, चारशेचा शेअर शंभरावर आला, घेऊन टाकू का?" या प्रश्नात कंपनी काय करते, तिच्यावर कर्ज किती, याची चौकशी नसते, सगळा भरवसा चारशे या जुन्या आकड्यावर असतो.

जुन्या आकड्याचा हा मोह आम्हा कापूसवाल्यांना नवा नाही. 2022 मध्ये कापसाने क्विंटलमागे 10,000 रुपये ओलांडले, म्हणून पुढच्या हंगामात अनेकांनी तोच भाव पुन्हा मिळेल या आशेने कापूस घरातच ठेवला. भाव उतरत गेला, साठवलेल्या कापसामुळे घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली, आणि पेरणी तोंडावर आल्यावर सात हजारांच्या आसपास तो विकावा लागला. आदल्या वर्षीच्या भावामागे टंचाई होती. ती सरल्यावर त्या भावाला आधार उरला नव्हता.

येस बँकेचा शेअर ऑगस्ट 2018 मध्ये चारशेच्या घरात होता. तो दोनशेवर, शंभरावर आणि पन्नासवर आला तेव्हा प्रत्येक वेळी तो 'स्वस्त' वाटून घेणारे होतेच. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी भाव काही काळ सहा रुपयांच्याही खाली गेला. पन्नासला घेणाऱ्याने शिखरापासूनची बहुतेक घसरण टाळली होती, तरी त्याचे भांडवल जवळजवळ संपले.

म्हणून मी आधी ताळेबंद पाहतो. नफा वाढतो आहे पण धंद्यातून रोकड येत नाही आणि येणी (ग्राहकांकडून यायची रक्कम) फुगत चालली आहेत, असे दिसले तर तो नफा कागदावरचाच समजावा. पोलाद, साखर, सिमेंट यांसारख्या चढ-उताराच्या धंद्यांत तर पीई गुणोत्तर, म्हणजे शेअरचा भाव त्यामागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, हमखास चकवतो: तेजीत नफा फुगलेला असल्यामुळे तो कमी दिसतो, आणि मंदीच्या तळाशी नफाच आटल्यामुळे तो भलताच मोठा दिसतो किंवा काढताच येत नाही. तिथे पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी किंमत), कर्जाचा बोजा आणि मंदी सोसण्याची कंपनीची ताकद हेच पाहावे लागते.

आता बाजाराच्या तळाविषयी. 23 मार्च 2020 रोजी लोअर सर्किट (घसरणीची ठरलेली मर्यादा) लागून व्यवहार काही वेळ थांबले आणि दिवसअखेर निफ्टी निर्देशांक सुमारे 13 टक्के खाली बंद झाला; दुसऱ्या दिवशी तो साडेसात हजारांपर्यंत उतरला, त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि नोव्हेंबरपर्यंत त्याने जानेवारीचा उच्चांक मागे टाकला होता. हाच तळ आहे हे त्या दिवशी कुणाला कळणार होते? 2008 मध्ये तर ऑक्टोबरात सेन्सेक्स 8,000 च्या खाली जाऊन सावरला आणि मार्च 2009 मध्ये पुन्हा 8,000 च्या जवळ आला. शिवाय मार्चअखेर आमच्याकडे पीककर्ज भरण्याची धावपळ असते, तेव्हा नेमक्या संधीच्या वेळी खिसा रिकामा असण्याचीच शक्यता अधिक.

बियाण्याचा, खताचा आणि कर्जफेडीचा पैसा बाजूला काढून जे उरेल, तेवढ्याचेच मी तीन-चार भाग करतो. पहिला भाग कंपनी पटली की लगेच लावतो. पुढचा भाग भाव आणखी पडला म्हणून नव्हे, तर तिमाही निकाल पाहून. यालाही सरासरी करणेच (टप्प्याटप्प्याने घेऊन खरेदीचा सरासरी भाव खाली आणणे) म्हणतात, पण दलालाच्या सल्ल्याने केलेल्या सरासरीत निकाल क्वचितच उघडून पाहिलेले असतात. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, कर्जासाठी गहाण ठेवलेल्या शेअरचे प्रमाण दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळते, आणि ते वाढलेले दिसले की भाव कितीही खाली असला तरी मी दुसरा हप्ता लावत नाही.