टेल्युरियनचा जीव दोरीत असतो

मध्ये दिवा, आडव्या दांडीच्या टोकाला पृथ्वीचा छोटा गोल, त्याभोवती चंद्र आणि खाली महिन्यांची तबकडी. ऋतू शिकवायचं हे जुनं हातघडणीचं यंत्र म्हणजे टेल्युरियन. ते घेताना लोक पितळेची चकाकी बघतात. आधी दांडीखालची दोरी बघा.

पृथ्वीचा 23.5 अंश कललेला अक्ष वर्षभर एकाच दिशेला राहिला, तरच ऋतू दिसतात. त्यासाठी दोन सारख्या व्यासाच्या कप्प्या लागतात. एक दिव्याखाली पक्की, दुसरी गोलाच्या बुंध्याला जोडलेली आणि मोकळी फिरणारी. दोघींवरून पीळ न देता दोरी घेतली की दांडी कुठेही न्या, अक्ष खोलीच्या त्याच भिंतीकडे रोखलेला राहतो. दोरी आठाच्या आकड्यासारखी घातली, तर वर्षभरात अक्ष दोन गिरक्या घेतो. दिव्याखालची कप्पी 60 मिमी आणि गोलाची 58 असेल, तर एका फेरीत सुमारे 12 अंशांची चूक.

ठाण्यात खाडीची दमट हवा. सुती दोरी पावसाळ्यात आवळते, जुनी दांडी वाकवते, पुढे हवा कोरडी झाली की सैल पडून घसरते. पॉलिएस्टरची विणलेली दोरी टिकते. 60 मिमीच्या कप्पीवर दोरी वर्षाला साधारण 20 सेमी सरकते. दांडी 30 सेमीची असेल तर गाठ सरळ भागाच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे ती कप्पीवर चढणार नाही. फेरी संपली की दांडी उलट दिशेने फिरवून परत आणायची.

जुळवताना दांडी 22 डिसेंबरवर ठेवा, गोलाखालचा स्क्रू सैल करा, उत्तर ध्रुव दिव्यापासून थेट दूर कलवा, स्क्रू आवळा. 21 जूनला तोच ध्रुव दिव्याकडे झुकलेला हवा. दांडीची लांबी मात्र तेवढीच राहते, ऋतू अंतरामुळे होत नाहीत हे मुलांना इथेच दाखवा. खरी पृथ्वी तर जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या थंडीत, सूर्याच्या सर्वांत जवळ असते.

बारीक बल्ब 30 सेमीवर आणि गोल 10 सेमीचा असेल, तर मार्चमध्ये दोन्ही ध्रुवांभोवती जवळजवळ 10 अंश अंधार राहतो. हा दोष जवळच्या दिव्याचा, अक्षाचा नव्हे. गोलाच्याच व्यासाचा दुधी गोल बल्ब लावला की बरोबर अर्धा गोल उजळतो.

सावलीसाठी मात्र बारीक बल्बच हवा. ठाण्याच्या जागी, 19.2 उत्तर अक्षांशावर, मेणाने एक टाचणी उभी करा आणि गोल फिरवून ती दिव्यासमोर, म्हणजे भर दुपारी आणा. 16 मे आणि 27 जुलैच्या सुमारास तिची सावली नाहीशी होते. 21 जूनला ती दक्षिणेकडे पडते.