किती जणी होत्या तुझ्या गटात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाच.

खेळ किकबॉक्सिंग. गट महिला, सीनियर, लो किक प्रकार, ५२ किलोखालील. नेपाळच्या दोघी, उझबेकिस्तानची एक, हरियाणाची एक आणि मी. स्पर्धा आंतरराष्ट्रीय होती, पण झाली दिल्लीत. सुवर्णपदक मला मिळालं. त्यासाठी मी एकच लढत खेळले आणि ती हरियाणाच्या मुलीशी होती. उझबेक मुलीशी माझी फायनल होती, ती झालीच नाही.

हे सगळं एका दमात सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला पाठ झालंय. "अच्छा, म्हणजे तसं होतं होय." लग्नात भेटलेले काका, ऑफिसात नवीन आलेली मंडळी, आमच्या काळाचौकीच्या नाक्यावरचे ओळखीचे, सगळे फिरून फिरून हाच प्रश्न विचारतात. हल्ली सगळ्यांत जास्त विचारतात ते माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाबा. त्यांचा मला राग येत नाही. प्रवेश फी, गाडीभाडं, लॉजचे पैसे त्यांच्या खिशातून जाणार असतात, त्यांनी विचारायलाच हवं. बाकीच्यांचा येतो. त्यांना गटात किती जणी होत्या हे जाणून घ्यायचं नसतं, माझं पदक कितपत खरं मानायचं ते ठरवायचं असतं.

गट लहान का पडतात ते आधी सांगते. आम्ही ज्या जागतिक संघटनेच्या नियमांनी खेळतो त्या 'वाको'चे टाटामीवरचे, म्हणजे मॅटवरचे, प्रकार वेगळे आणि रिंगमधले वेगळे. पॉइंट फाइट, लाइट कॉन्टॅक्ट आणि किक लाइट टाटामीवर. फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-वन रिंगमध्ये. फुल कॉन्टॅक्टमध्ये मांडीवर लाथ चालत नाही, लो किकमध्ये चालते, के-वनमध्ये गुडघाही चालतो. मी खेळत होते तेव्हाच्या तक्त्यात रिंगच्या प्रत्येक प्रकारात सीनियर महिलांचे ७ वजनगट होते आणि पुरुषांचे १२. म्हणजे नुसत्या सीनियर रिंगची ५७ सुवर्णपदकं. ज्युनियर आणि कॅडेट हे लहान वयाचे गट आणि टाटामी यात धरलेलीच नाहीत. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगचे महिला-पुरुष मिळून सगळे गट होते १३.

एवढं ऐकलं की लोक म्हणतात, बघा, म्हणजे पदकं वाटतातच की! मग माझंही म्हणणं ऐका. ४८ किलोची मुलगी ६० किलोच्या मुलीसमोर उभी करून बघा. दहा औंसाचे ग्लोव्हज असोत, हेडगार्ड असो, शिनगार्ड असो, पहिल्या राउंडमध्येच मांडीवर दोन लाथा नीट बसल्या की हलकी मुलगी त्या पायावर भार देऊ शकत नाही. प्रकार वेगळे ठेवावे लागतात, कारण पॉइंट फाइटमध्ये वाढलेली मुलगी लांबून उडी मारून डोक्यावर लाथ मारते, तीन गुण घेते आणि पंच 'स्टॉप' म्हणतात. रिंगमध्ये लाथ बसली म्हणून स्टॉप कोणी म्हणत नाही. मी कराटेतून पॉइंट फाइटमध्ये आले आणि तिथून रिंगमध्ये, त्यामुळे हा फरक माझ्या अंगानं शिकलाय.

आणि तुमच्या बाजूनंही खरं आहे ते सांगते. सेमीफायनल हरलेल्या दोघींनाही ब्राँझ मिळतं. गटात चौघीच असल्या तर चौघींच्या गळ्यात पदक पडतं आणि त्यातल्या दोघींनी एकही लढत जिंकलेली नसते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एका देशाचा एका गटात एकच खेळाडू असतो. ओपनमध्ये, म्हणजे मी खेळले तसल्या खुल्या स्पर्धेत, तसं नाही. क्लब आपापल्या नोंदी पाठवतात, एकाच देशाच्या कितीही जणी येतात, म्हणून मुंबईची मुलगी पंजाब मेलनं दिल्लीला जाऊन हरियाणाच्या मुलीशी खेळते आणि प्रमाणपत्रावर 'आंतरराष्ट्रीय' लिहिलेलं असतं. हा फरक आईबाबांना मी आता पहिल्याच भेटीत सांगते. बरेच क्लास सांगत नाहीत.

मग तू मुद्दाम रिकामा गट बघून उतरलीस का? हा प्रश्न तोंडावर कमी जण विचारतात, पण मनात असतो. माझं रोजचं वजन तेव्हा ५५च्या आसपास होतं. ५६ किलोखालच्या गटात काहीही न करता उतरता आलं असतं आणि त्या गटात नोंदी भरपूर होत्या. मी जेमतेम पाच फूट एक इंच. ५६मध्ये समोर येणाऱ्या मुली माझ्यापेक्षा वीतभर उंच असायच्या. माझ्या प्रशिक्षकांनी, सरांनी, ५२ सांगितलं. कोणत्या गटात किती नावं येणार ते फॉर्म भरताना कोणालाच ठाऊक नसतं, पण महिलांचे हलके गट आपल्याकडे विरळ असतात हे सरांना ठाऊक होतं, आणि मलाही.

ते ५२ फुकट मिळालं नाही. गाडीत मुली आयांनी दिलेले धपाटे आणि दही खात होत्या, मी खिडकीकडे तोंड करून काकडी चावत होते. पहाडगंजच्या लॉजवर दोन ट्रॅकसूट, त्यावर रेनकोट घालून, खोलीचा पंखा बंद करून दोरीउड्या मारल्या. रात्री चूळ भरायची, पाणी गिळायचं नाही. सकाळी काट्यावर ५१.८ आलं तेव्हा मला आनंद झाला नाही, फक्त पाण्याची बाटली दिसत होती.

ड्रॉमध्ये मला बाय मिळाला, म्हणजे पहिली फेरी न खेळताच पुढे, आणि सेमीफायनलला हरियाणाची मुलगी आली. तिनं त्याआधी राष्ट्रीय स्पर्धेत मला हरवलं होतं, तेही सहज. तिची उजवी लाथ म्हणजे तिचा सगळा खेळ. ती खांदा जराही न हलवता मारायची आणि माझ्या पुढच्या डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, बरोब्बर त्याच जागी बसवायची. पहिल्या राउंडमध्ये मी पाय उचलून नडगीवर अडवायचा प्रयत्न केला, उशीर होत होता. दुसऱ्या राउंडच्या शेवटी पाय सुन्न पडला. त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत सरांनी मांडी चोळली नाही, पाणी डोक्यावर ओतलं आणि म्हणाले, "अडवू नकोस. तिचा पाय उचलला गेला की ती एका पायावर असते, तेव्हा सरळ आत जा." तिसऱ्या राउंडमध्ये मी तेच केलं. तिची टाच जमिनीवरून सुटली की जॅब, क्रॉस, दोन सरळ ठोसे. लाथा लागत होत्या, पण आता तिच्या लाथेत जोर येत नव्हता, कारण ती मारतानाच मागे ढकलली जात होती. तीन पंचांपैकी दोघांनी मला दिलं, एकानं तिला. ज्यांना 'फक्त एक लढत' म्हणायचं असेल त्यांनी ती दोन-दोन मिनिटांची तीन राउंड बघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी लॉजचा जिना मी आडवी होऊन उतरले. डावा गुडघा दुमडत नव्हता. डॉक्टरांच्या तपासणीत मी सरळ चालून दाखवलं, कसं ते विचारू नका, आणि मला खेळायची परवानगी मिळाली. सरांनी हाताला पट्ट्या बांधल्या. भुवयांवर व्हॅसलीन, छातीचं गार्ड, माउथपीस, सगळं झालं. माझं नाव पुकारलं. मी दोरांमधून आत गेले. निळा कोपरा रिकामा होता. तिचं नाव पुकारलं. परत पुकारलं. रेफरींनी टेबलाकडे पाहिलं, टेबलावरच्यांनी कागद हलवला. शेजारच्या रिंगमध्ये मुलांची फायनल रंगात आली होती, लोक तिकडे ओरडत होते. रेफरींनी माझं मनगट धरलं आणि हात वर केला. खालून सर म्हणाले, "हस, फोटो काढतायत." मी हसले.

तो फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलाय. नाक्यावर महिनाभर लागलेल्या फ्लेक्सवर तोच होता, वर आमच्या विभागातल्या पुढाऱ्यांचे चेहरे आणि खाली 'विभागाची सुवर्णकन्या'. नीट पाहिलंत तर फोटोत माझ्याशिवाय फक्त रेफरी आहेत.

उझबेक मुलगी मला नंतर वॉर्मअपच्या जागेत भिंतीला टेकून बसलेली दिसली. उजव्या पायाला बर्फाची पिशवी बांधलेली. सेमीफायनलला तिची लाथ नेपाळच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटली होती. तिनं पिशवी बाजूला करून मला पाय दाखवला. पायाचा वरचा भाग फुगून जांभळा झालेला, बोटांच्या खाचा दिसतच नव्हत्या. तिचे प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "डॉक्टर, नो." ती दोन लढती जिंकून फायनलला आली होती. मी एक. पदकं देताना ती एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून माझ्या उजव्या हाताला, खालच्या पायरीवर उभी राहिली.

लढत झाली असती तर? माझी मांडी बघता मला वाटतं मी हरले असते. सरांना वाटतं जिंकले असते. आम्ही यावर अजून भांडतो.

तेव्हाची मी आणि आताची मी, आमचंही जमत नाही. तेव्हाची म्हणायची, हे सोनं माझं नाही, मला ते न लढता मिळालं. तिनं पदक आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि नोकरीच्या अर्जात लिहायलाही नकार दिला. सर ओरडले तेव्हा कुठे लिहिलं. आताची म्हणते, सलग दोन-तीन दिवस वजन, डॉक्टर आणि समोरची मुलगी या तिघांपुढे उभं राहता येणं हीच तर स्पर्धा. उझबेक मुलगी उभी राहू शकली नाही, मी राहिले, लंगडत का होईना. मग तेव्हाची विचारते, तिचा पाय सुजला यात तुझं काय कर्तृत्व? याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तिच्याकडेही नाही: हात वर करायला नकार देऊन मी काय सिद्ध केलं असतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट पॅरिसला फायनलच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा मी ऑफिसात होते. विनेशनं सेमीफायनलला हरवलेली क्यूबाची मुलगी तिच्या जागी फायनल खेळली. त्या दिवशी सगळी मंडळी वजनाबद्दल बोलत होती, केस कापले, रात्रभर सायकल चालवली. मला बोलताच येईना. त्या दिवशी कोणी विचारलं नाही की ५० किलोत किती जणी होत्या. मला एवढंच हवंय, की आमच्या पोरींना विचारतानाही तो काटा तुमच्या डोळ्यांसमोर असावा.

आणि हो, ऑलिंपिकमध्ये आहे का हेही विचारता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं वाकोला २०१८ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. मान्यता म्हणजे ऑलिंपिकमध्ये समावेश नव्हे. २०२२ ला अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या स्पर्धेत, किकबॉक्सिंग होतं. याच्या पुढचं वचन मी कुठल्याही पालकाला देत नाही.

आता माझ्याकडे एक मुलगी आहे, ज्युनियर, वजन ५० किलो. ओपनसाठी नाव द्यायचंय. तिच्या आईनं परवा तोच प्रश्न उलटा विचारला: "ताई, कमी जणी कुठल्या गटात असतील?" ४८ केलं तर दोन किलो उतरवायचे आणि पदक जवळजवळ ठरलेलं. ५२ मध्ये पोटभर जेवून जायचं आणि बहुतेक पहिल्याच दिवशी बाहेर. मी ५२ सांगितलं. सर ४८ म्हणतात. त्यांचं म्हणणं, पदक नसेल तर पुढच्या वर्षी तिचे वडील तिला पाठवणार नाहीत, आणि ते मला खोडता येत नाही, कारण त्या वडिलांना मीही ओळखते. मुलीला विचारलं तर ती म्हणते, ताई, जिथे दोन लढती तरी मिळतील तिथे टाका. तशी खात्री कुठल्याच गटाची नसते, हे तिला सांगितलंय. फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय.