मुलगा येईपर्यंत

रात्री-अपरात्री मला फोन येतो, तेव्हा पलीकडचा माणूस कोण गेले, कसे गेले हे सहसा आधी सांगत नाही. तो विचारतो, "पूत येयसर दवरूंक मेळटलें मरे?" मुलगा येईपर्यंत ठेवता येईल ना? गोव्यात म्हापशाच्या परिसरात गेली चौदा वर्षे मी अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचे काम करतो आहे. लोकांना वाटते की आम्ही शवपेट्या विकतो आणि शववाहिका चालवतो. ते खरेच आहे, परंतु माझा अधिक वेळ या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच जातो.

आमचे घराणे सुतारांचे. माझे थोरले काका दारे-खिडक्या करत आणि जोडीला शेजारच्या ख्रिस्ती वाड्यासाठी शवपेट्याही करत. चर्चची मृत्युघंटा वाजली की निरोप येण्याची वाट न पाहता ते आंब्याच्या फळ्या काढून ठेवत, आणि मापाला जाताना फूटपट्टी न नेता एक दोरी नेत, कारण घरच्यांसमोर मृताच्या अंगावर पट्टी धरणे त्यांना योग्य वाटत नसे. लांबीला एक गाठ, खांद्याच्या रुंदीला दुसरी, एवढ्यावर ते पेटी बेतत. हिंदू घरांत मात्र आम्हाला काही काम नसे. बांबू तोडणारे, तिरडी बांधणारे, मडके आणणारे, सरण रचणारे असे सगळे वाड्यावरचेच असत, आणि दिवस मावळण्यापूर्वी दहन व्हावे याची सर्वांनाच घाई असे.

ती घाई आता उरलेली नाही, आणि त्याचे कारण श्रद्धा कमी झाली हे नसून मुले दूर गेली हे आहे. बोटीवर नोकरी करणारे तारवटी आणि आखाती देशांत गेलेले लोक प्रामुख्याने ख्रिस्ती कुटुंबांतले असत, त्यामुळे दफनासाठी दोन-तीन दिवस थांबणे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आता डिचोली-पेडण्याच्या हिंदू घरांतील मुलगा दुबईत असतो, मुलगी लंडनला असते, आणि ज्या घरात मृतदेह रात्रभर ठेवण्याची रीत नव्हती त्या घरातील माणसे मला दबक्या आवाजात विचारतात की, थांबलो तर चालेल ना? शास्त्राचे उत्तर द्यायला मी भटजी नव्हे. मी फक्त एवढेच सांगू शकतो की ठेवता येईल, आणि मृतदेहाची हेळसांड होणार नाही.

ही वाट पाहणे साधले ते काचेच्या झाकणाच्या शीतपेटीमुळे. तिच्यात देह गोठत नाही, केवळ थंड राहतो, आणि घरी दीड-दोन दिवस काढायचे असतील तर तेवढे पुरेसे होते. त्याहून अधिक काळ थांबायचे असेल तर सुमारे चार अंशांवर चालणारे रुग्णालयाचे शवागार गाठावे, असे मी आग्रहाने सांगतो. आमच्या दमट हवेत पेटीच्या काचेवर बाहेरून सतत दव साचते. घरातील एखादी वृद्ध स्त्री पदराने ती काच पुसत बसते, आणि तिला कोणी उठवू नये असे मी तिथल्या पुरुषांना नेहमी सांगतो. दर्शनासाठी झाकण वारंवार उघडले की आतली थंडी निघून जाते, हेही त्यांना समजावून सांगावे लागते. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे जूनपासून मी पेटीसोबत छोटे जनरेटर नेतो आणि ते घराच्या मागच्या अंगाला, आवाज आत पोहोचणार नाही अशा बेताने ठेवतो.

याच्या उलट प्रसंग अधिक कठीण असतो. वाट पाहणारे सगळे इथे असतात, आणि ज्याची वाट पाहायची तोच परदेशातून पेटीत येणार असतो. तिथला मृत्युदाखला, एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून रसायनांची प्रक्रिया, केल्याचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाचे ना हरकत पत्र ही कागदपत्रे जुळल्यावाचून देह निघत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ई-केअर नावाचे पोर्टल सुरू केल्यापासून आरोग्य विभागाच्या मंजुरीसाठी कागद ऑनलाइन देता येतात, हा मोठा दिलासा आहे. पूर्वी दाबोळी हाच आमचा एकमेव विमानतळ होता. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून देह कुठे उतरणार हे मी सर्वांत आधी विचारून घेतो. पुष्कळ कुटुंबांना एक गोष्ट ठाऊक नसते आणि ती विमानतळावर प्रथमच कळली तर फार लागते, म्हणून मी ती घरीच सांगतो: देह प्रवाशांच्या दारातून येत नाही, तो मालवाहतूक विभागातून येतो, आणि त्याची पावती मालाच्या पावतीसारखीच असते.

पहिल्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली. कुवेतहून येणाऱ्या एका तरुणाच्या घरच्यांना मी दुपारी चारची वेळ देऊन बसलो. त्यांनी ती चर्चमध्ये कळवली आणि नातेवाईकही तसेच निघाले. प्रत्यक्षात एका कागदाची प्रत कमी पडल्यामुळे पेटी रात्री साडेआठला ताब्यात मिळाली. ते साडेचार तास त्याची आई अंगणात खुर्ची मांडून रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मला कोणी एक शब्द बोलले नाही, तरी त्या दिवसापासून पेटी गाडीत चढल्याखेरीज मी कोणालाही वेळ सांगत नाही, मग समोरचा कितीही रागावो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हिंदू कुटुंबांसाठी मी बांबू, सुंभ, कोरे कापड, मडके, काळे तीळ, तुळस आणि गोवऱ्या असे सारे साहित्य एकत्र बांधून तयार ठेवतो, कारण काय लागते हे सांगणारी पिढी आता बहुतेक घरांत उरलेली नाही. तिरडी लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याच्या वळणावर ती उभी करावी लागू नये म्हणून मी आधी एकदा रिकाम्या हातांनी जिना उतरून पाहतो. लाकडे कोरडी मिळावीत याची चिंता पावसाचे चार महिने असतेच.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हे बहुतेकांना माहीत असते. मी लक्ष घालतो ते नावाच्या अक्षरांकडे. आपल्याकडे गोव्यात विवाहानंतर मालमत्तेत सहसा पती-पत्नींचा निम्मा-निम्मा वाटा असतो आणि वारसांना पुढे इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची, न्यायालयीन कार्यवाही करावी लागते. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज काळातले एक स्पेलिंग, आधारकार्डावर दुसरे आणि मृत्युदाखल्यावर तिसरे असेल, तर मुलांची वर्षे ते जुळवण्यात जातात. शोकाच्या घरात कागद मागणे अवघड असते, तरीही मी जुना दाखला मागतो आणि अर्जातले एकेक अक्षर त्याच्याशी ताडून पाहतो.

माझी गाडी दारात उभी केलेली शेजाऱ्यांना पूर्वी खपत नसे, म्हणून अजूनही ती रस्त्यापलीकडच्या शेडमध्येच असते. आईने मागीलदारी पाण्याची बादली भरून ठेवण्याची पद्धत घातली होती. ती गेल्यावर पत्नीने ती चालू ठेवली आहे. शुभकार्याच्या घरी मला बोलावणे येते, पण मी स्वतःहून जेवणाच्या वेळेलाच जातो आणि अक्षतांना थांबत नाही. याचे वाईट वाटत असे, हे खोटे नाही.

मागच्या आठवड्यात अस्नोड्याच्या बाजूला एका घरी मुलगा पहाटे पोहोचला. तो आत शिरताच मी पेटीची वीज बंद केली, झाकण उघडले आणि बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो. तासाभराने त्याचे मामा चहा घेऊन आले आणि "आता न्यायला हरकत नाही" म्हणाले. दुपारी स्मशानातून परतल्यावर मी पेटी जंतुनाशकाने धुतली, काच कोरडी पुसली, रिकामीच अर्धा तास चालवून थंडी धरते की नाही ते पाहिले आणि जनरेटरमध्ये इंधन भरून ठेवले.