‘शेवटी’ म्हणजे शेवट नव्हे

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिही म्हटल्यावर मला ना बक्षीस समारंभ आठवला, ना स्नेहसंमेलन. आठवला तो चर्चमधला लाकडी बाक. पाय जमिनीला टेकायचे नाहीत, मांडीखाली मुंग्या यायच्या. पुढच्या बाकाच्या पाठीवर व्हार्निशचा एक फुगा आला होता. दर उपासनेला मी त्याचा नखाएवढा टवका काढायचो. (शाळेने भरपाई मागू नये.)

गाणी आम्हाला आवडायची, उभं राहायला मिळायचं. खरी परीक्षा लांबलचक प्रार्थनेची. डोळे मिटले की घड्याळही गेलं! मग आम्ही प्रार्थनेचा नकाशाच पाठ केला. आधी उपकारस्तुती, मग पापांची कबुली, मग आजारी, मग प्रवासी, मग अधिकारी. ‘प्रवासी’ आले की निम्मं अंतर कापलं.

एकदा प्रार्थना करणारे वडीलधारे गृहस्थ ‘आणि शेवटी, हे प्रभो’ म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. मी ठणठणीत आवाजात ‘आमेन’ म्हटलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्यांनी शांतपणे अधीर लेकरांसाठीही प्रार्थना केली, म्हणजे माझ्यामुळे दोन मिनिटं वाढलीच.

वर्गात बाई ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. त्यांनी बायबल उघडून प्रेषितांच्या कृत्यांतला 20 वा अध्याय वाचला. प्रेषित पौल, म्हणजे येशूचा संदेश सांगत फिरणारा उपदेशक, मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला कवटाळलं, तो जिवंत आहे म्हणून सांगितलं, आणि वर जाऊन पहाटेपर्यंत पुन्हा बोलतच राहिला! वर्ग हसून लोटपोट. मग बाईंनी दाखवलं, स्तोत्रसंहितेत 117 वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे आणि 119 वं 176 वचनांचं. ‘दोन्ही त्याच पुस्तकात आहेत,’ एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्यांनी आम्हाला मागून उचलून पहिल्या बाकावर बसवलं. लहान मुलांना मागे का बसवतात, हे मला अजून कळलेलं नाही. तिथून त्यांना दिसतात फक्त मोठ्यांच्या पाठी. शिवाय एक काम दिलं: ‘आजारी’ आले की एकाचं नाव मनात घ्यायचं. मी वर्गातल्या एका दोस्ताचं घेतलं, त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्या दिवशी प्रार्थना पुढे ‘प्रवाशां’वर गेली तरी मी त्या पायापाशीच होतो. ‘आमेन’ला दचकलो.

आता माझी मुलगी शेजारी असते. परवा प्रार्थना रंगात आली असताना तिने माझी बाही ओढली.

‘बाबा, कुठवर आलं?’

‘प्रवासी.’

तिने उसासा टाकला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.