मॅच अजून लांब आहे

ओहायोतल्या या गावात दुपारी चारनंतर माझ्यासारख्या माणसाला करण्याजोगं काही नसतं. नात पाळणाघरातून यायची असते, मुलगी हॉस्पिटलात, जावई वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये. आणि आमची ही, कोल्हापूरला बहिणीला फोन लावावा की नको या विचारात. तिकडं तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो, हे तिला रोज नव्यानं सांगावं लागतं. ते सांगून झालं की मी चपला, म्हणजे आता बूट, घालून बाहेर पडतो.

वाटेत कॉलेज लागतं. उन्हाळ्याच्या सुटीत तिथं चिटपाखरू नव्हतं. ऑगस्ट अर्ध्यावर आला आणि एका दुपारी लांबूनच भोंगा ऐकू आला, मागोमाग पोरांचा एकच गलका. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सराव. फुटबॉल म्हणजे इकडचा, हातात बॉल घेऊन पळायचा. पाय आपसूक तिकडं वळले. मैदानाच्या कुंपणाबाहेर मेपलच्या सावलीत एक बाक आहे. तेव्हापासून ती माझी जागा. कुणी हटकत नाही. एक कोच तर आता लांबूनच हात करतो. बहुतेक त्याला मी कुणाचा तरी आजोबा वाटत असणार.

जावई मिशिगनला शिकलेला. त्याच्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,000 च्या वर माणसं बसतात, त्यामुळं आमच्या गावातल्या या टीमला तो हिशेबातच धरत नाही. "बाबा, ही डिव्हिजन थ्री," म्हणजे कॉलेजच्या खेळातली तिसरी पायरी, असं म्हणतो, आपल्याकडं 'तो ड गटात आहे' म्हणतात त्याच सुरात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. फी आपली आपण भरायची आणि वर हाडं मोडून घ्यायची. फुटबॉल खेळणारी अशी सुमारे 240 कॉलेजं देशात आहेत. याच ओहायोत अलायन्स नावाच्या गावातलं माउंट युनियन हे त्यांच्यातलं दादा कॉलेज, 13 वेळा राष्ट्रीय विजेतं. पण तिकडं 2025 पासून मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे वाटायला लागली, पहिल्याच वर्षाची मर्यादा दोन कोटी डॉलरच्या वर, तेव्हा या 13 विजेतेपदांचं कौतुक कोण करतंय? मोठ्यांच्या सरावाच्या मैदानाला म्हणे कुंपणावरून कापड लावलेलं असतं, डावपेच बाहेर जाऊ नयेत म्हणून. आमच्याकडं डावपेच चोरायला फक्त मी आणि दोन खारी.

पहिले दोन दिवस पोरांच्या अंगावर नुसती हेल्मेटं. चड्डी, बनियन आणि डोक्यावर ते भलंमोठं हेल्मेट. मग काही दिवस खांद्यांचे पॅड, आणि त्यानंतर पूर्ण जामानिमा. हा नियम आहे. उन्हाची सवय होईपर्यंत शरीरावर ओझं एकदम टाकायचं नाही. मैदानाच्या कडेला मोठं घड्याळ, आणि ठरावीक मिनिटांनी भोंगा. भोंगा झाला की सगळे धावत आपापल्या पुढच्या जागी. एका कोपऱ्यात लोखंडी सांगाडा आहे, त्याला ओळीनं गाद्या बांधलेल्या. पाच आडदांड पोरं त्या गाद्यांना खांदा देऊन तो सांगाडा गवतावरून ढकलत नेतात, आणि त्या सांगाड्यावर कोच स्वतः उभा राहून शिव्या घालतो. शिव्या काय असतात ते कळत नाही, पण सूर ओळखीचा आहे.

सगळ्यांचे सदरे निळे नाहीतर पांढरे. तीन पोरांचे मात्र लालभडक. हे क्वार्टरबॅक. सगळा खेळ ज्याच्या हातातून सुटतो तो गडी. सरावात लाल सदऱ्याला पाडायचं नाही, असा दंडक. सव्वाशे किलोचा पैलवान जमीन हादरवत येतो, आणि लाल सदऱ्यापाशी आल्यावर एकदम पाय रोवून थांबतो, त्याच्या पाठीला हळूच बोट लावतो आणि निघून जातो. म्हणजे चक्क कच्चा लिंबू की हो! फक्त आमच्या गल्लीत कच्चा लिंबू म्हणजे कुणाचं तरी शेंबडं धाकटं भावंड असायचं, "ह्यालाबी घ्या रे खेळात," म्हणून आईनं गळ्यात मारलेलं. तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्यानं धावा काढल्या तरी त्या कुणी धरायच्या नाहीत. इथं तोच मान टीममधल्या सगळ्यात किमती पोराला. आमचं ते भावंड हे बघून किती फुगलं असतं. (आता ते सहकारी बँकेतून निवृत्त झालंय आणि अजूनही बाद व्हायला तयार नसतं.)

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. फुटबॉल, म्हणजे आपला पायानं खेळायचा, आमच्याकडं खेळतात असं म्हणणं बरोबर नाही, तो घरात असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. एका संघाचं तर नावच प्रॅक्टिस क्लब. दुसऱ्या गावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो विचारतो, "मग मॅच कोण खेळतं?"

दिवाळी सरली की हंगामाचे वेध लागायचे. त्याआधीची तयारी गांधी मैदानावर, पहाटे, धुक्यात. पावसाळ्यात तिथं तळं व्हायचं, ते आटून नुकती कुठं माती धरलेली असायची. आम्ही पोरं गोलपोस्टमागं. काम एकच, मागं गेलेला बॉल आणून द्यायचा. तेव्हाचा बॉल कातडी, आत ब्लॅडर, आणि तोंडाशी वादी आवळलेली. दवात भिजला की तो असा जड व्हायचा की दोन्ही हातांनी छातीशी धरून आणावा लागे, आणि शर्टावर पुढं ओला गोल उमटायचा. त्या गोलावरून आईला कळायचं की स्वारी शाळेच्या आधी कुठं जाऊन आली. हेडर मारताना वादीची गाठ कपाळावर आली तर तिथं लाल वळ. मोठी पोरं तो वळ दिवसभर मिरवायची. बॉल कधीकधी कडेला बांधलेल्या म्हशींच्यात जायचा. त्यांतली एक म्हैस फार तापट होती. तिच्याजवळचा बॉल आणायला नंबर लावलेले असायचे.

सरावावर देखरेख करायला अण्णा असायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, गळ्यात शिट्टी, आणि पाण्याशी दावा. पळून आलेलं पोर नळाकडं वळलं की ओरडायचे, "पाणी न्हाई प्यायचं! पोटात गोळा उठतोय!" पाण्यानं माणूस मऊ पडतो, अशी त्यांची पक्की समजूत. सराव संपल्यावर मात्र स्वतःच्या खिशातून गंगावेशीत दूध पाजायचे. म्हशीचं, समोर पिळलेलं, पेल्यावर फेसाचा डोंगर. तो फेस ओठावर तसाच ठेवून आम्ही शाळेत जायचो.

पाण्याशी असा दावा इकडंही होता, हे कळल्यावर मला अण्णांची आठवण आली. 1954 साली टेक्सास ए अँड एमचा कोच बेअर ब्रायंट आपली टीम घेऊन जंक्शन नावाच्या गावी गेला. दुष्काळाचं वर्ष, वर आग, खाली दगड-काटे, आणि सरावात पाणी बंद. पोरं रात्री-अपरात्री पळून गेली. एक जण उष्माघातानं मरता मरता वाचला. त्या हंगामात ती टीम एक मॅच जिंकली आणि नऊ हरली. दोन वर्षांनी तीच टीम न हरता आपल्या विभागात पहिली आली. लोक हे शेवटचं वाक्य फार आवडीनं सांगतात, त्याच्या आधीचं खाली आवाजात.

मग 1965 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात एका कोचला प्रश्न पडला, की मॅचच्या दिवशी आपल्या पोरांना लघवीला का होत नाही? इतका साधा प्रश्न, पण कुणीतरी विचारावा लागतो. तिथले डॉक्टर रॉबर्ट केड यांनी उत्तर शोधलं. होतं नव्हतं ते सगळं घामावाटे जात होतं. त्यांनी पाणी, साखर, मीठ असं मिश्रण केलं. ते कुणाला पिववेना, तेव्हा त्यांच्या बायकोनं सुचवलं, यात लिंबू पिळा. टीमचं नाव गेटर्स, त्यावरून त्याला गेटोरेड म्हणू लागले, आणि पुढं त्यावर अब्जावधींचा धंदा झाला. लिंबाच्या सरबताबद्दल मी आणखी काही बोलत नाही. हिनं मात्र ही गोष्ट ऐकून नुसतं "बरं" म्हटलं, आणि त्या 'बरं'मध्ये सगळं आलं.

आता या मैदानावर पाण्याच्या बाटल्या घेऊन माणसं पोरांच्या मागं मागं फिरतात. आणि सराव संपला की काय देतात? चॉकलेट घातलेलं दूध! कागदी डब्यातलं, थंडगार. फेस नाही, पण पिताना पोरांचे ओठ तसेच माखतात.

कडेला तंबूखाली एक मोठा टब असतो. रोज सरावाआधी एक तरुण ट्रेनर मुलगी त्यात पाणी भरते आणि पोत्यांनी बर्फ ओतते. सराव संपला की ते सगळं गवतावर सोडून देते. त्यात कुणी उतरलेलं मी पाहिलं नाही. आमची मुलगी फिजिओथेरपिस्ट, तिला विचारलं. ती जेवता जेवता म्हणाली, "तो कुणासाठी वापरावा लागू नये, या आशेनंच भरतात, बाबा." पोर उष्माघातानं पडलं तर अँब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. आधी त्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, मग हॉस्पिटल. आधी गार करा, मग न्या. 2001 मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक टीमचा कोरी स्ट्रिंगर हंगामाआधीच्या सरावात उष्माघात होऊन गेला, 27 वर्षांचा. 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर, 19 वर्षांचा. त्याला वेळेवर असं पाण्यात बसवलं नव्हतं, हे चौकशीत निघालं. मुलगी बोलायची थांबली आणि नातीला भात भरवायला लागली. मला अण्णा आठवले. त्यांचं नशीब की कोल्हापूरची पहाट गार असते.

आता मुद्द्यावर यायचं तर माझा एक जुना आजार सांगायला हवा. मला सराव आवडतो. मॅच बघवत नाही. शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची मॅच असली की अख्खं घर जायचं, मीही निघायचो, पण आत शिरायचो नाही. बाहेर शेंगदाण्याची पुडी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं फिरायचो. आतली आरोळी ऐकून गोल कुणाचा ते मला कळायचं. आपला असला की आवाज आधी फुटतो आणि मग वर चढतो. त्यांचा असला की आपल्या बाजूनं एक 'आ' येतो आणि बसतो. माझा अंदाज सहसा चुकत नसे. पण आत जाऊन बघायची छाती झाली नाही. कुणीतरी हरणार हे ठरलेलं असताना तिथं जाऊन काय बसायचं?

हे फुटबॉलपुरतं नाही. मला दिवाळीपेक्षा चकल्या तळायचा दिवस आवडतो. लग्नापेक्षा मांडव घालायची संध्याकाळ, जेव्हा सगळे एकमेकांवर ओरडत असतात आणि अजून कुणी रुसलेलं नसतं. परगावी जाण्यापेक्षा बॅग भरणं. ही म्हणते, "तुम्हाला कशाचाच शेवट नको असतो." असेल. हिच्याशी लग्न ठरल्यानंतरचे दोन महिनेही मला फार आवडले होते, पण ते बोलून दाखवण्यात शहाणपण नाही.

तर या मैदानावर कुणी हरत नाही. शंभरेक पोरं, त्यांतली शनिवारच्या मॅचला मैदानात उतरणार फार तर निम्मी. बाकीची नुसती येतात. पहाटे उठतात, पॅड बांधतात, आपटून घेतात, दूध पितात. यांतलं एक पोर माझ्या ओळखीचं झालंय. किकर एकटाच एका टोकाला गोलवर लाथा मारत असतो, आणि त्याचा बॉल कुंपणावरून माझ्या बाकाजवळ येतो. ते पोर तो न्यायला येतं. पहिल्याच वर्षाला आहे. मी एकदा बॉल उचलून दिला नाही, लाथेनंच पाठवला. पेठेची लाथ, पण बॉल लांबुळका. तो कुंपणावर आपटून भलतीकडंच, कार उभ्या करायच्या जागेत गेला. पोर पोट धरून हसलं, मग कुंपणापाशी येऊन मला त्यावर पाय कसा आणि कुठं लावायचा ते दाखवायला लागलं. माझ्या गुडघ्याला विचारून मी ते मान डोलावून शिकलो.

परवा त्याच्या अंगावर वेगळाच नंबर होता. विचारलं तर म्हणाला, "सर, या आठवड्यात मी त्यांचा सात नंबर आहे." पहिली मॅच ज्यांच्याशी आहे, त्यांचा हुकमी खेळाडू. उरलेल्या पोरांची एक टीम करतात, ती आठवडाभर विरुद्ध टीमचं सोंग घेते, त्यांचेच डाव खेळते, म्हणजे आपल्या मुख्य पोरांना सवय व्हावी. शनिवारी खरा सात नंबर येईल, तेव्हा हा कडेला पाण्याच्या बाटल्यांजवळ उभा असेल. "त्याचे व्हिडिओ बघून बघून पाठ केलेत," तो म्हणाला. "डावीकडं वळायच्या आधी तो खांदा जरा खाली टाकतो." आणि तिथंच गवतावर करून दाखवलं. खांदा खाली, एक पाऊल, वळण. तेवढ्यात भोंगा झाला आणि तो पळाला. सरावात त्यानं हीच वळणं आपल्या मुख्य पोरांना दोनदा दिली आणि दोन्हीदा निसटला. कोच ओरडला, त्याच्यावर नाही, त्या मुख्य पोरांवर. हा परत ओळीत येऊन उभा राहिला, हेल्मेटाच्या जाळीआडून दात दिसत होते.

जाताना कुंपणापाशी थांबून म्हणाला, "सर, शनिवारी याल ना?"

"येणार की," मी म्हणालो.

घरी हे जेवताना सहज बोललो, तर जावयानं लगेच फोन काढून सगळ्यांची तिकिटं काढली. डिव्हिजन थ्रीची! नात निळा टीशर्ट घालणार म्हणून नाचतेय, हिनं चिवड्याचा डबा काढून ठेवलाय. आता माझा गुडघा शुक्रवारी संध्याकाळपासूनच दुखायला लावावा लागणार. शनिवारी सकाळी एकदम दुखला तर कुणाला पटायचं नाही.