हॉस्पिसच्या बागेत कोण कोणाला शिकवतं

रविवारी सकाळी आम्ही काही जण पुण्याबाहेरच्या एका हॉस्पिसमध्ये बागकामाला जातो. हे सांगितलं की बरेच जण विचारतात, हॉस्पिस म्हणजे हॉस्पिटलच ना? तर नाही. आजार आता बरा होणार नाही हे कळलेलं असतं, मग दुखणं आटोक्यात ठेवायचं, जखमा स्वच्छ करायच्या, माणसाला शांत झोप लागू द्यायची, घरच्यांना धरून ठेवायचं, यासाठीची ती जागा. भारतातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 सालचं, आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर 1997 पासून आहे. तरी अजून घरोघरी हे नाव नवीनच वाटतं याचं मला फार वाईट वाटतं, कारण किती माणसं विनाकारण कळा सोसत घरात पडून असतात.

बागेचं म्हणाल तर, झाडं दिसली की पेशंटला बरं वाटतं हे नुसतं म्हणायला नाहीये. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचे रेकॉर्ड तपासले होते, 1984 मध्ये छापून आलं ते, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जोरदार पेनकिलर कमी लागल्या आणि ते घरीही लवकर गेले. आमच्या इथलं दुखणं वेगळं आहे, पण खिडकीपाशी बेड मिळावा म्हणून लोक सिस्टरना किती विनवतात ते मी बघते.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे. आपल्याकडे अशा ठिकाणी येणारे कितीतरी पेशंट आयुष्यभर शेती केलेले असतात. आणि बागकामाला येणारे आम्ही कोण, तर आयटीवाले, बँकेतले, कॉलेजची पोरं. म्हणजे ज्यांना खरं काम येतं ते बेडवर आणि ज्यांना येत नाही त्यांच्या हातात खुरपं. म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की पेशंटला बागेत फुलं दाखवायला नेऊ नका, विचारायला न्या. ‘काका, हे असं का पिवळं पडलंय?’ एवढंच विचारा आणि बघा.

बार्शीकडचे एक काका होते, तोंडाचा कॅन्सर, बोलता येत नव्हतं, जेवण नाकातल्या नळीतून. मोगरा दोन वर्षं नुसता पानांनी भरलेला होता, फूल नाही. काकांनी पाटीवर लिहिलं ‘ताण द्या’. म्हणजे पाणी तोडायचं, जानेवारीत छाटणी करायची, मग शेणखत घालून पाणी सुरू. कुठून कापायचं हे त्यांनी व्हीलचेअरवरून बोटाने दाखवलं, एका पोराने चुकीच्या ठिकाणी कात्री लावली तेव्हा त्यांनी चेअरच्या दांड्यावर अशी थाप मारली की सगळे दचकले, आणि त्यांची बायको म्हणाली, घरी पण असंच करायचे. किती दिवसांनी ती हसली असेल. मोगरा मार्चमध्ये फुलला तेव्हा काका नव्हते.

जुन्नरच्या एका आजींनी सांगितलं की धने अख्खे पेरायचे नाहीत, चपलेने रगडून दोन फाकी करायच्या आणि मग टाकायचे. मेथी दाट पेरायची, वर माती अगदी पातळ. मेथीचं आम्हाला फार महत्त्व आहे कारण ती तीन-चार दिवसांत डोकं वर काढते आणि तीन आठवड्यांच्या आसपास भाजीला येते, इथं तेवढाच हिशोब धरून पेरावं लागतं. आंब्याची कलमं लावायला हौशी लोक देणगी देतात, लावतोही आम्ही, पण बेडशेजारी स्टुलावर ठेवलेल्या ट्रेमधली मेथी माणूस रोज सकाळी उठून बघतो, ती त्याची स्वतःची असते.

वाफे विटांचे, अडीच फुटांपर्यंत उंच, म्हणजे चेअर शेजारी लावून हात मातीत जातो. ज्यांच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत किंवा उघडी जखम आहे त्यांनी मातीत हात घालायचा नाही, हे सिस्टर ठरवतात आणि तिथं वाद घालायचा नाही. कोरडी माती, खताची पोती पेशंटजवळ उघडायची नाहीत, त्यातली बुरशी छातीत जाते. वासाचंही जपायला लागतं. गवती चहाचं पान चुरगळून नाकापाशी नेलं की जेवता न येणाऱ्यांचेही डोळे मिटतात इतकं बरं वाटतं, पण कुणाला त्याच वासाने मळमळतं, म्हणून आधी विचारायचं. रातराणी खिडकीखाली मुळीच नको.

आणि सदाफुली. नातेवाईक हळूच येऊन तिची पानं तोडतात, कुणीतरी सांगितलेलं असतं रस पाजा म्हणून. सदाफुलीतून कॅन्सरची औषधं मिळतात हे खरंय, कॅनडात मधुमेहासाठी तिची पानं तपासताना 1958 च्या सुमारास त्यातलं विनब्लास्टिन सापडलं, विनक्रिस्टिन पण तिचंच. पण ती औषधं शुद्ध करून, अगदी मोजून, शिरेतून देतात. पानांचा रस विषारी असतो हो. कृपा करून पाजू नका. आम्ही रागावत नाही त्यांच्यावर, शेजारी बसवून सांगतो, कारण तो माणूस काहीतरी करायला धडपडत असतो.

त्याच्या हातात खुरपं द्यावं. खरं तर बाग सगळ्यात जास्त वापरतात ते हे सोबतचे लोकच. आठवडेच्या आठवडे वडिलांजवळ बसलेला मुलगा, नवऱ्याला घेऊन आलेली बाई, खुरपणी करता करता बोलायला लागतात, समोर बघायचं नसतं ना कुणाच्या, त्यामुळे सोपं जातं.

यायचं असेल तर पाऊस सुरू होताना या, तेव्हा तण फार माजतं, आणि वाफ्यांच्या कडेचं पाणी जायला चर काढायचेत. बंद बूट घाला, परफ्यूम नको, पेशंटचे फोटो अजिबात नकोत. महागडी झाडं आणू नका, शेणखत चालेल. महिन्यातून एकदाच जमत असेल तरी चालतं, फक्त ठरलेल्या रविवारी नक्की या, कारण आत कुणीतरी ट्रे बघायला तुमची वाट बघत असतं.