केएल-१ कस्टम्समधून सोडवताना

गोल स्लाइड रूल (गुणाकार-भागाकार करायचं हाताने चालवायचं उपकरण) परदेशातून मागवणार असाल, तर विक्रेत्याला आधीच बजावून ठेवा: पार्सलच्या कागदांवर ‘वॉच’ हा शब्द कुठेही येता कामा नये. माझ्या केएल-१च्या कागदांवर तो आला आणि पार्सल मुंबईत अडकलं. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

केएल-१ हा सोव्हिएत बनावटीचा गोल स्लाइड रूल. खिशातल्या घड्याळाएवढा, दोन्ही बाजूंना काच, कडेला घड्याळाच्या चावीसारखे दोन नॉब. लांबून घड्याळ वाटेल, मान्य. पण तबकडीवर बारा हा तासच नाही. बाहेरच्या वर्तुळावर १ ते १०, तेही असमान अंतरावर: १ ते २ मध्ये तब्बल १०८ अंश जातात, ९ ते १० मध्ये जेमतेम साडेसोळा. मागच्या बाजूला साइन आणि टँजंट.

कुरियरवाल्यांचा फोन आला, “सर, घड्याळाचा मेक काय? चालू आहे का?” घड्याळ नाही म्हटलं, तर फॉर्म भरा म्हणाले. फॉर्ममध्ये ‘मूव्हमेंट’ (म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा) हा रकाना सक्तीचा: क्वार्ट्झ की मेकॅनिकल? दोन्ही नाही. रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नव्हतं. मेल केला की तक्रार क्रमांक यायचा, मग ‘तक्रार निकाली’ असा मेसेज. फोन करावा तर दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून तीच कथा. डबा उघडून एकदा बघा, एवढीच माझी विनंती होती. ती कोणी ऐकेना. वर साठवणुकीचा खर्च चढतच होता.

शेवटी मी कस्टम्स टॅरिफ, म्हणजे वस्तूंच्या वर्गवारीचं सरकारी पुस्तक, उघडून बसलो. घड्याळं प्रकरण ९१ मध्ये. आणि शीर्षक ९०१७ मध्ये गणिती उपकरणांची उदाहरणं देताना चक्क स्लाइड रूल आणि डिस्क कॅल्क्युलेटर लिहिलेले! सरकारच्याच पुस्तकात या वस्तूला जागा आहे आणि मला विचारतात मूव्हमेंट कोणती. सरळ पत्र लिहिलं, शीर्षक क्रमांक टाकला, दोन्ही तबकड्यांचे फोटो जोडले आणि खाली एक गुणाकारही करून दाखवला.

२.४ गुणिले ३.५. काळ्या ठिपक्याच्या नॉबने तबकडी फिरवून २.४ हा आकडा वरच्या स्थिर खुणेखाली आणायचा. लाल ठिपक्याच्या नॉबने काटा १ वर. पुन्हा काळा नॉब फिरवून ३.५ काट्याखाली. खुणेखाली ८.४. दशांश चिन्ह आपल्या डोक्यात. सरळ पट्टीच्या स्लाइड रूलवर कधीकधी उत्तर पट्टीबाहेर जातं आणि स्लाइड, म्हणजे मधली सरकती पट्टी, दुसऱ्या टोकाला न्यावी लागते. गोलात ती भानगडच नाही.

पत्र एका अधिकाऱ्यापर्यंत पोचलं, त्यांनी ते नीट वाचलं, मी ड्युटी भरली आणि पार्सल सुटलं. त्या पत्राचा मला अभिमान आहे.

पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवा. लाल नॉब फिरवला की दोन्ही बाजूंचे काटे एकदम हलले पाहिजेत; एकच हलत असेल तर घेऊ नका. आणि ९०१७ हा आकडा विक्रेत्याला बिलावरच लिहायला सांगा, वस्तूच्या नावाशेजारी.